आधी लाथ, मग नमस्कार

मी सिलात शिकायला लागले ती टीव्हीमुळे, आणि सिलातमध्ये माझी जी काही शोभा झाली तीही टीव्हीमुळेच. तेव्हा या प्रकरणात मी टीव्हीची बाजू घेईन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

२०१५ चा हिवाळा होता. आम्ही न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या उत्तरेला जॉन्सनव्हिलमध्ये राहत होतो, अजूनही तिथेच राहतो. जुलैतला, म्हणजे इकडच्या ऐन थंडीतला शनिवार, बाहेर नेहमीचा वारा, मुलगी मैत्रिणीकडे गेलेली, आणि नवरा सोफ्यावर पांघरूण घेऊन एक इंडोनेशियन मारामारीचा सिनेमा बघत बसलेला. मी मागे इस्त्री करत होते. सिनेमात एक बारीकसा माणूस अरुंद बोळात उभा होता आणि त्याला मारायला वीसेक धटिंगण आले होते. पण एकदम नाही. एक जण पुढे यायचा, मार खायचा, बाजूला पडायचा, मग दुसरा यायचा. बाकीचे मागे मुठी आवळून आपला नंबर लागायची वाट बघत होते. मी फार्मसिस्ट आहे. इतक्या शिस्तीची रांग मी फक्त आमच्या दुकानात फ्लूच्या इंजेक्शनच्या दिवसांत पाहिली होती.

"याला सिलात म्हणतात," नवऱ्याने फोनमध्ये बघून मला माहिती पुरवली. "त्यांच्याकडची पारंपरिक विद्या आहे. हीप्स जुनी, शेकडो वर्षांची."

"हे मला जमेल," मी म्हणाले. का म्हणाले ते मलाही माहीत नाही. हातात गरम इस्त्री होती म्हणून असेल.

त्याने मान न वळवता म्हटलं, "तू आधी स्टेशनवरून घरापर्यंत न थांबता चढून दाखव."

मला कुणी 'करू नकोस' म्हटलं तर मी शहाण्या बाईसारखी ऐकते. 'तुला जमणार नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुण्याहून इतक्या लांब शिकायला आले तीही एका मावशीच्या अशाच एका वाक्यामुळे. उरलेला सिनेमा मी उभ्याने बघितला. त्यात नवऱ्याच्या निळ्या शर्टाची कॉलर जराशी करपली, आणि पुढच्याच आठवड्यात लायब्ररीच्या फलकावर मला सिलातच्या वर्गाचा कागद दिसला.

सिनेमा पाहून मी जी जागा डोळ्यांसमोर आणली होती तिच्यात अंधार होता, घाम होता आणि भिंतीवर सुऱ्या टांगलेल्या होत्या. प्रत्यक्षात वर्ग भरायचा शनिवारी सकाळी, कम्युनिटी हॉलमध्ये. तिथे आठवडाभर बालवाडी असायची, त्यामुळे हॉलला केळ्यांचा वास होता आणि भिंतीवर मुलांनी काढलेले सुरवंट. सात-आठ माणसं अनवाणी उभी होती. जमीन इतकी गार असते हे सिनेमात कुणीच सांगत नाही.

शिकवणारी बाई साधारण माझ्याच वयाची, बुटकी, चष्म्याची, एरवी शहरातल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करणारी. ती इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राची. तिकडे मोठ्या बहिणीला 'उनी' म्हणतात, म्हणून वर्गातले सगळे तिला उनी म्हणायचे. आपल्या ताईसारखंच ते, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही.

पहिले दोन महिने मी कुणाला मारलं नाही आणि कुणी मला मारलं नाही. आम्ही चाललो. गुडघे वाकवून, पाय पुढे टाकायचा पण वजन टाकायचं नाही, वाटेत काच पडली असेल असं समजून. शेवटी मी विचारलं, "मारामारी कधी सुरू होणार?"

"ही काय," उनी म्हणाली.

"पण टीव्हीवर..."

"टीव्हीवर घाई असते. मध्ये जाहिरातीही दाखवायच्या असतात."

पुढे स्पॅरिंग सुरू झालं तेव्हा कळलं की ते बघायला कुणी सोफ्यावर बसणार नाही. दोघं समोरासमोर उभी राहतात, हात जोडतात आणि मग बराच वेळ एकमेकांभोवती फिरतात. हात उघडे, नजर समोरच्याच्या छातीवर. बघणाऱ्याला वाटावं, यांचं जमिनीवर काहीतरी पडलंय आणि दोघं ते शोधताहेत. मग एक जण हात किंवा पाय पुढे करतो, दुसरा तो घेतो, आणि पहिला खाली बसलेला असतो. संपलं. टीव्हीवर नुसती बाही हलली तरी सतरंजी झटकल्यासारखा आवाज येतो. इथे फार तर कुणाच्या तरी गुडघ्याचं कट् ऐकू यायचं, आणि ते गुडघे बहुतेक माझेच असायचे.

वर्ग संपला की मी उनीला गाडीने घरी सोडायचे. गाडीतच तिने मला तिच्या वडिलांबद्दल सांगितलं. ते गावातले नावाजलेले गुरू. घरामागच्या अंगणात संध्याकाळी शिकवायचे. त्यांच्याकडे शिष्य व्हायचं तर सुरी, मीठ, मिरच्या आणि पांढरं कापड घेऊन जायची पद्धत होती. आमच्याकडून उनीने फक्त धुतलेले पाय मागितले होते. ती लहानपणापासून त्या अंगणात होती. वडिलांनी कधी कौतुक केलं नाही. ते चूक दाखवायचे, बस. चूक दाखवली की समजायचं, आपण अजून त्यांचे आहोत. मग ती न्यूझीलंडला आली, राहिली, आणि एका हॉलमध्ये वाटेल त्या देशाच्या माणसांना त्यांची विद्या शिकवायला लागली. हे कळल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी तिच्याशी सिलातबद्दल बोलणंच सोडून दिलं. फोन व्हायचे. पाऊस किती, भात लावून झाला का, गुडघे कसे आहेत. पण नऊ वर्षांत त्यांनी तिला एकही चूक दाखवली नव्हती.

माझी आई पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करून माझ्या चुका दाखवते. केस, पडदे, मुलीचं मराठी, मागे दिसणारी भांडी. म्हणून मी गाडी चालवता चालवता म्हणाले, "आमच्याकडे नऊ वर्षं कुणी चूक दाखवली नाही ना, तर आम्ही गावजेवण घालू."

उनी हसली नाही. सिग्नलला मी तिच्याकडे पाहिलं तर ती मांडीवरच्या पिशवीचे बंद एकमेकांत गुंतवत बसली होती. मला स्वतःच्या जिभेचा राग आला. पुढे घर येईपर्यंत मी वाऱ्याबद्दल बोलत राहिले.

आता माझ्या पायाबद्दल सांगायला हवं.

आमच्या घरी नियम होता, आणि तो तुमच्याही घरी असणार. कुणाला पाय लागला की लगेच त्या माणसाला हाताने शिवायचं आणि हात कपाळाला लावायचा. चुकून लागला तरी. लहान भावाला लागला तरी. वहीला, पुस्तकाला, छापलेल्या कागदाला लागला तरी. हा नमस्कार मी ठरवून करत नाही. शिंक येते तसा तो होतो. चाळीस वर्षांत त्याने मला कधी त्रास दिला नव्हता, कारण चाळीस वर्षांत मी कुणाला लाथ मारायला गेले नव्हते.

माझी स्पॅरिंगची जोडीदार होती त्याच हॉलमधल्या बालवाडीची बाई. गोरी, सहा फूट उंच, जुलैतसुद्धा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून येणारी. पहिल्याच दिवशी माझा पाय तिच्या गुडघ्याच्या मागे लागला. अगदी बरोबर लागला, उनीने शिकवला होता तसा. ती जराशी डगमगली. आता पुढे सरून तिला खाली बसवायचं, एवढंच बाकी होतं. आणि माझा उजवा हात आपणहून खाली गेला, तिच्या गुडघ्याला लागला आणि माझ्या कपाळाकडे आला. कपाळापर्यंत तो पोचला तेव्हा मी पाठीवर पडलेली होते.

"यू ओके?" तिने वरून विचारलं.

"हो."

"ते काय होतं मधलं?"

"सॉरी म्हटलं."

"स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे काही हरकत नाही, आणि मला हात देऊन उठवलं.

हे दर शनिवारी व्हायला लागलं. उनीला आधी वाटलं की ही माझी काहीतरी हुलकावणी आहे, आणि तिने कौतुकाने भुवया वर केल्या. खरं कळल्यावर तिने उपाय सुरू केले. मला लाथा मारायला पॅड दिलं. पॅडवर कंपनीचं नाव छापलेलं होतं. अक्षरांना पाय लावायचा म्हणजे काय, मी पॅडलाही नमस्कार केला. मग तिने माझ्या दोन्ही हातांत टेनिसचे चेंडू दिले, म्हणजे हात गुंतलेले राहतील. मी चेंडू कपाळाला लावला.

"तू ज्याला मारतेस त्याची माफी मागतेस," उनी म्हणाली. "मग मारतेस कशाला?"

घरी मी लेकीला ही अडचण सांगितली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आई, जस्ट डोन्ट डू इट," ती म्हणाली. त्याच आठवड्यात मी तिची नेटबॉलची मॅच बघायला गेले. तिचा पाय समोरच्या मुलीच्या पोटरीला लागला आणि लेकीने धावता धावता वाकून तिच्या पोटरीला हात लावला, कपाळाला लावला आणि पुढे पळाली. गाडीत मी तिला विचारलं तर म्हणाली, "दॅट्स डिफरंट. आय ॲक्चुअली किक्ड हर."

दुसऱ्या वर्षी टीव्हीवाले आले. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांवर त्यांचा एक रविवार सकाळचा कार्यक्रम होता. साधा फोटो काढायला नको म्हणणारी उनी लगेच हो म्हणाली. मला आश्चर्य वाटलं. गाडीत तिने कारण सांगितलं. कार्यक्रम नंतर इंटरनेटवर येणार होता. गावाकडची बहीण तो वडिलांना फोनवर दाखवणार होती.

"मी काय शिकवते ते मी तोंडाने सांगून त्यांना पटायचं नाही," उनी म्हणाली. "पण त्यांनी माझे पाय पाहिले, तुमचे पाय पाहिले, तर त्यांना कळेल की मी काही बिघडवलेलं नाही. कदाचित एखादी चूक दाखवतील."

"आणि नाही दाखवली तर?"

"तर मग नाही," ती म्हणाली. गाडीतून उतरताना म्हणाली, "त्या दिवशी तू स्पॅरिंग करू नकोस हं. मागे उभी राहा."

मला राग आला नाही असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग कपाटाची दारं का आपटतेस?"

शूटिंगच्या दिवशी एक तरुण प्रोड्यूसर मुलगी आली, कानाला हेडसेट लावलेली, 'किया ओरा, किया ओरा' असा माओरी नमस्कार करत सगळ्यांना भेटणारी. चांगली मुलगी होती. बरोबर एक कॅमेरावाला. उनी वडिलांनी दिलेला काळा पोशाख घालून आली होती. तिने आधी एकटीने करून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही घाई न करता. इतकं सुंदर मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं. जमिनीवर इतकी खाली बसायची आणि हाताचा आधार न घेता वर यायची. मला वाटलं, आता त्या म्हाताऱ्याला काही बोलताच येणार नाही.

"लव्हली," प्रोड्यूसर म्हणाली. "आणि यात फाइट कुठे येते?"

मग सूचना सुरू झाल्या. जरा वेगाने करता येईल का. मारताना ओरडता येईल का. केस आणि बाह्या उडायला हव्यात, पंखा आणायचा राहिला. मी शहाणपणा करून म्हणाले की वेलिंग्टनमध्ये पंखा कशाला, दार उघडा. कॅमेरावाल्याने दार उघडलं. बाह्या उडाल्या, केस उडाले आणि भिंतीवरचे निम्मे सुरवंटही उडाले. ते गोळा करण्यात बराच वेळ गेला आणि प्रकाश कमी व्हायला लागला.

"आता स्पॅरिंग," प्रोड्यूसर म्हणाली. तिने आमच्या रांगेवरून नजर फिरवली आणि सहा फुटी बालवाडीच्या बाईकडे बोट केलं. मग माझ्याकडे. "तुम्ही दोघी. एक उंच, एक... कॅमेऱ्यात छान दिसेल."

उनी म्हणाली, दुसरी जोडी घेऊ. प्रोड्यूसर म्हणाली, वेळ नाही. उनीने माझ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, आणि तिला घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "हात," एवढंच ती म्हणाली.

"हात हलणार नाही," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

आम्ही हात जोडले, फिरायला लागलो. मी सगळं लक्ष उजव्या हातावर ठेवलं होतं. त्याला छातीशी असा धरला होता की बालवाडीच्या बाईला वाटलं माझं काही दुखतंय. तिने पाय पुढे टाकला, मी बाजूला सरले आणि माझी लाथ तिच्या पोटरीवर बसली. स्वच्छ बसली. आणि माझा उजवा हात जागचा हलला नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

डावा गेला.

डावा हात खाली गेला, तिच्या पोटरीला लागला, कपाळाला लागला. आणि नमस्कार डाव्या हाताने केला हे लक्षात येताच मला आणखीच कानकोंडं झालं. डाव्या हाताने नमस्कार कुणी करतं का? म्हणून मी पुन्हा वाकले आणि उजव्या हाताने व्यवस्थित केला. एवढ्या वेळात बालवाडीच्या बाईने मला चार वेळा पाडलं असतं. पण वर्षभरात तिला माझी सवय झाली होती, आणि ती मुळात सभ्य बाई. माझं आटपेपर्यंत ती मुठी आवळून, सिनेमातल्या धटिंगणांसारखी, आपला नंबर यायची वाट बघत उभी राहिली.

"ओह, दॅट्स ब्यूटिफुल," कॅमेऱ्यामागून प्रोड्यूसरचा आवाज आला.

कार्यक्रम लागला तेव्हा आम्ही तिघं सोफ्यावर होतो. पाच मिनिटांचा भाग. आधी एक समुद्र, मग एक बासरी, मग मी. मी लाथ मारते. सतरंजी झटकल्याचा आवाज. मग अगदी सावकाश, केस उडत, मी वाकते, पोटरीला शिवते, हात कपाळाला लावते. बासरी. निवेदकाचा गंभीर आवाज सांगत होता की या बेटांवरचे योद्धे शेकडो वर्षांपासून प्रहार केल्यावर प्रतिस्पर्ध्याची क्षमा मागतात, आधी चंद्राच्या हाताने, मग सूर्याच्या. हा चंद्र आणि सूर्य कुणी शोधून काढला, मला आजवर कळलेलं नाही. माझं वाकणं तीनदा दाखवलं. उनीची ती सुंदर, सावकाश कवायत अजिबात नव्हती. उनीच नव्हती.

नवरा हसून हसून सोफ्यावरून खाली आला. त्याचा पाय मला लागला आणि त्याने हसता हसताच मला नमस्कार केला. एरवी मीही हसले असते. मला गावातला एक म्हातारा माणूस दिसत होता, हातात लेकीचा फोन धरून दुसऱ्या लेकीला शोधणारा, आणि त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा वाकणारी मी. मला खूप वाईट वाटलं. मी उनीला फोन केला, तिने उचलला नाही.

आईचा पुण्याहून आला. "बघितलं हो," ती म्हणाली. "केस बांधायचे होतेस. पण पाय लागल्यावर नमस्कार केलास ते बरं केलंस. निदान वळण लावलं नाही असं तरी कुणी म्हणणार नाही." आमच्या मराठी मंडळाने गणपतीत स्टेजवर करून दाखवायचं आमंत्रण दिलं. फार्मसीत रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारे एक आजोबा काउंटरला हात लावून कपाळाला लावायला लागले. मी त्यांना गोळ्या जेवणानंतर घ्या म्हणून सांगत राहिले.

कहर झाला पुढच्या शनिवारी. उनी आली नव्हती, बरं नाही असा निरोप होता. आणि हॉलमध्ये चार नवीन माणसं उभी होती, कार्यक्रम बघून आलेली. त्यांना चंद्र आणि सूर्य शिकायचे होते. मी सांगितलं, ते सिलात नाही, तो माझा घोटाळा आहे. त्यांना तो माझा विनय वाटला. वर्ग संपेपर्यंत ते एकमेकांना हलकेच लाथा मारत होते आणि मोठ्या भक्तिभावाने पोटऱ्यांना शिवत होते. सुमात्रातली विद्या न्यूझीलंडमध्ये कशी बिघडते, हे दाखवायला याहून चांगला पुरावा मिळाला नसता, आणि तो मी स्वतः तयार केला होता. टीव्हीला मी घरी जाऊन बऱ्याच शिव्या दिल्या. पण टीव्हीने डावा हात पुढे केला नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी मी लवकर गेले. वर्ग सोडते असं सांगायचं ठरवलं होतं, वाक्यं गाडीत म्हणून पाहिली होती. उनी माझ्याआधी आलेली होती. खिडकीच्या काचेसमोर उभी राहून ती स्वतःचा डावा हात वर करत होती, खाली घेत होती, पुन्हा वर.

"उनी, मला बोलायचंय," मी म्हणाले.

"आधी ऐक," ती म्हणाली. "बाबांनी बघितलं."

मी तिथेच सुरवंटांखालच्या छोट्या खुर्चीवर बसले.

बहिणीने फोन धरला होता. म्हाताऱ्याने सगळं बघितलं, पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा बघितलं. पुन्हा लाव. बहिणीला वाटलं, हे त्या वाकणाऱ्या बाईलाच बघताहेत, आणि तिला उनीची कीव आली. मग तो म्हणाला, इथे थांबव. मी डाव्या हाताने वाकते ती जागा. तिथे माझ्या मागे, पडद्याच्या अगदी कडेला, भिंतीजवळ एक काळी बाही आहे आणि एक हात. मला थांबवायला उनीचा हात आपोआप वर आला होता, तेवढाच. चेहरा नाही. मला तो तीनदा बघूनही दिसला नव्हता.

"मग त्यांनी मला फोन लावायला सांगितला आणि स्वतः हातात घेतला," उनी म्हणाली. "ते कधी घेत नाहीत. कशी आहेस नाही, काही नाही. म्हणाले, तुझं डावं कोपर अजून बाहेर जातं. कितीदा सांगायचं?"

'कितीदा' म्हणताना तिचा आवाज फुटला. तिने चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मी नाक पुसून विचारलं, "आणि माझ्याबद्दल? रागावले असतील ना?"

"मी विचारलं त्यांना. ती मध्ये वाकणारी बाई माझी शिष्या आहे, तिला माफ करा, असं म्हटलं मी."

"मग?"

"बाबा म्हणाले, कुठली बाई?"

तेवढ्यात बाकीचे आले, बालवाडीची बाई जँडल्स दाराशी काढून आत आली, चार नवीन माणसं आपापल्या पोटऱ्या सांभाळत ओळीत उभी राहिली. वर्ग सोडायचं सांगायचं माझं राहून गेलं. त्या शनिवारी आम्ही लाथ मारली नाही, नमस्कार केला नाही, एकमेकांभोवती फिरलोही नाही. तासभर सगळे फक्त डावं कोपर आत घेत होतो, आणि सगळ्यांच्या पुढे, आमच्याकडे पाठ करून, उनी स्वतःचं घेत होती.